दोन मोटारींची रुजुवात

उरणजवळच्या मोरा बंदराच्या खाऱ्या वाऱ्यात ज्याने हयात घालविली, त्याला मोटारगाडीची गरज कधी भासत नाही. कारण मुंबईस जाण्याचा आमचा राजमार्ग म्हणजे भाऊच्या धक्क्याकडे सुटणारी लाँच, आणि तिचे वेळापत्रक भिंतीवर कोणतेही टांगलेले असले तरी अखेरचा हुकूम ओहोटीचाच, हे येथील शेंबड्या पोरासही ठाऊक असते. परंतु १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि समुद्रावरून जाणारा, सुमारे २२ किलोमीटर लांबीचा तो पूल पाहून, आयुष्यात प्रथमच ओहोटीस न विचारता मुंबईस जावे, अशी दुष्ट आकांक्षा माझ्या मनात उद्भवली. चौकशीअंती कळले की, त्या पुलावर दुचाकी आणि रिक्षा यांस मज्जाव आहे. म्हणजे माझी स्कूटर पुलाच्या तोंडापर्यंत मला इमाने नेणार आणि तेथून इमाने परत आणणार. सारांश, मोटार घेणे प्राप्त झाले. आणि निवृत्तिवेतनाच्या आवाक्यात बसायची, तर ती वापरलेलीच असणार हेही ओघाने आले.

आमच्या तारुण्यात हा प्रश्न इतका बिकट नव्हता. ज्याला ॲम्बेसेडर परवडे तो ती घेई, नाहीतर कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, जिला पुढे ‘पद्मिनी’ हे राजघराण्यातले नाव मिळाले, तिच्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाही. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हा कोठे निवड म्हणून काही करावी लागते, हे मध्यमवर्गास उमगले. तुलना हे सुबत्तेचे अपत्य आहे. माझ्यापुढे मात्र अल्पशा पुंजीत एकदम दोन गाड्या उभ्या राहिल्या: एक पांढरी, २०१३ सालची, आमच्याच बंदरावरची, ४१ हजार किलोमीटर चाललेली, दुसरी लाल, २०१२ सालची, पुण्याची, ६८ हजार किलोमीटर चाललेली. दोन्ही पेट्रोलच्या, दोन्हींची किंमत जवळजवळ सारखी.

मी तहसील कचेरीतला निवृत्त अव्वल कारकून. जबानीवर विश्वास ठेवायचा नाही आणि कागदाशिवाय पाऊल टाकायचे नाही, ही माझी जन्माची शिस्त. म्हणून मी बावीस रकान्यांचा एक तक्ता आखला. पांढऱ्या गाडीच्या मालकाने, ही डॉक्टरांची गाडी असून केवळ देवदर्शनासाठी वापरली गेली आहे, असे निवेदन केले. जुन्या गाड्यांच्या बाजारात आजवर इतक्या डॉक्टरांच्या गाड्या माझ्या कानावर आल्या आहेत की, बाकीच्या व्यवसायांतील लोक पायीच फिरत असावेत. लाल गाडीचे मालक शिक्षक. त्यांनी मात्र गाडीत जे जे बिघडले होते त्याची फेरिस्त तारीखवार काढून दिली, आणि एवढा प्रांजळपणा पाहून माझा संशय अधिकच बळावला.

तपासणीस प्रारंभ झाला. टायरवरच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा व पुढचे दोन साल दर्शवितात, हे नवे ज्ञान मी दोन्ही गाड्यांभोवती गुडघे टेकून मिळविले. पांढऱ्या गाडीचा मीटर ४१ हजार सांगत होता, पण ब्रेकच्या पायट्याचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते. एवढी देवदर्शने घडली असती, तर मालकास मोक्षच मिळाला असता. रात्रभर उभी असल्याचे सांगितलेल्या त्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला, तर तो पोळला; थंड इंजिन चालू होताना जी कुरकुर करते ती आम्हांस ऐकू येऊ नये, म्हणून कोणीतरी पहाटेच तिची समजूत काढली होती. लाल गाडी थंडच होती. कण्हली, दोनदा खोकली आणि चालू झाली, पण निळा धूर, म्हणजे ऑइल जळल्याची खूण, तिने दाखविली नाही. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलापूर्वीच दोघींचा जन्म झालेला असल्यामुळे त्या रकान्यात दोघींनाही शून्य दिले. तरीही झळाळता रंग, कोरी आसने आणि एक वर्षाचे तारुण्य यांच्या बळावर अंतिम बेरजेत पांढरी अर्ध्या गुणाने पुढे गेली, आणि मी बयाण्याची रक्कम खिशात घातली.

“अहो, तो तक्ता गॅरेजवाल्या मेस्त्रींना तरी दाखवा,” असे कुटुंबाने सुचविले. मेस्त्रींनी तक्त्याकडे पाहिलेसुद्धा नाही. “काका, कागद ठेवा, चटई उचला,” एवढेच म्हणून ते पांढऱ्या गाडीत शिरले, पायाखालची रबरी चटई दूर केली आणि स्क्रूड्रायव्हरचे टोक सहज टेकविले. ते टोक पत्र्यातून आरपार गेले आणि खालची मोरा बंदराची जमीन मला स्वच्छ दिसली. मग फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक त्यांनी दारावरून फिरविले; ते निम्म्या दारास चिकटलेच नाही, कारण तेथे पत्रा नसून लांबी आणि रंग होता. “वारा खेळता राहतो,” मालक म्हणाले. त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

माझ्या बावीस रकान्यांत समुद्रासाठी एकही रकाना नव्हता. ज्या खाऱ्या हवेने माझ्या खिडक्यांचे गज, स्कूटरचे मडगार्ड आणि माझे गुडघे खाल्ले, तिची दखल घेण्याचे त्या हवेत हयात काढलेल्या मलाच सुचले नाही. पुण्याच्या कोरड्या हवेतली लाल गाडी वर्षाने मोठी असूनही तळाने शाबूत होती.

लाल गाडी घेतली. पुलाच्या एका फेरीस २५० रुपये टोल पडतो, हे मागाहून कळले. म्हणून मुंबईस मी अद्याप लाँचनेच जातो आणि गाडी उरणच्या बाजारास जाते. तिच्या नोंदणीची पंधरा वर्षे २०२७ साली पुरी होतील. माझ्या वाहन परवान्याची मुदत त्याआधीच संपते.