वेडेपणाची भलामण

हार्डवेअरच्या दुकानात एक ठरावीक गिऱ्हाईक येतं. त्याला छताला लावायचा हूक हवा असतो, पण पैसे काढायच्या आधी ते विचारतं, ‘‘शेठ, हा किती किलोला चालतो? कुठे लिहिलंय का ह्याच्यावर?’’ शेठ सांगतात, ‘‘अहो, बिनधास्त न्या, हत्ती टांगा.’’ गिऱ्हाईक हूक उलटसुलट करून बघतं, त्यावर काहीच कोरलेलं नाही म्हणून तो काउंटरवर परत ठेवतं आणि रिकाम्या हातानं निघून जातं. एका हुकासाठी एवढं! माणूस वेडा आहे, ह्यावर दुकानात एकमत होतं.

मला ह्या वेडेपणाची स्तुती करायची आहे, आणि ती मनापासून करायची आहे. घरातला झोपाळा, बाळाचा पाळणा, लग्नाच्या हॉलमधलं झुंबर, नाटकाचे लाइट, गणपतीच्या देखाव्यातला उडता मारुती, दहीहंडीत सगळ्यात वरच्या गोविंदाच्या कमरेला बांधलेला दोर आणि तो दोर जिच्यावरून येतो ती कप्पी. आपल्या डोक्यावर कितीतरी गोष्टी लोंबकळत असतात. त्यांच्याखाली आपण निर्धास्त बसतो ते अशा चार वेड्यांच्या जिवावर.

दुकानातला माल खोटा असतो असं मुळीच नाही. फाटक बांधायला, टेम्पोतलं सामान आवळायला तो उत्तम चालतो. तिथे कडी उघडली तर फाटक उघडं राहतं, एवढंच. डोक्यावरच्या कडीचं तसं नाही. म्हणून वजन उचलण्यासाठी जो शॅकल, म्हणजे पिनेनं बंद होणारी कडी, बनवतात, त्याच्या अंगावरच बनवणाऱ्याचं नाव आणि किती वजनापर्यंत वापरायचा तो आकडा उठवलेला असतो. एक टन लिहिलं असेल, तर तो तुटायला निदान पाच टन लागावेत असा हिशेब त्यामागे धरलेला असतो. हवेत माणूसच टांगायचा असेल, तर रंगमंचाच्या कामातली जाणती मंडळी दहापट धरतात. व्यवहारी माणसाला ही उधळपट्टी वाटते. पण गंज, झीज, तिरका आलेला ओढा, वजन घसरून मध्येच अडल्यावर बसणारा हिसका, ह्या सगळ्यांची भरपाई त्याच पाचपटीतून होत असते. पाकिटावर छापलेला आकडा तुटण्याचा की वापरण्याचा, हे विचारणारा माणूस म्हणूनच शहाणा. साखळीच्या कडीची टोकं नुसती वाकवून जुळवली आहेत की झाळली आहेत, हे उजेडात धरून बघणाराही शहाणा. बिनशिक्क्याचा हूक कदाचित भरपूर वजन पेलेलही. पण तसं सांगून त्याखाली स्वतःचं नाव घालायला कुणी तयार झालेलं नाही, आणि परत जायला त्या गिऱ्हाइकाला तेवढं कारण पुरतं.

वायररोपचा फासा करताना लावतात ती बुलडॉग क्लिप घ्या. यू-सारखा वाकवलेला बोल्ट आणि त्याच्यासमोर खाचांची बैठक, एवढीच ती वस्तू. दोर वळवून आणला की दोन पदर शेजारी येतात. एकावर वजन येणार असतं, दुसरा म्हणजे उरलेलं टोक. बैठक वजनाच्या पदराला लागली पाहिजे आणि बोल्ट टोकाच्या पदराला. उलटी लावली तरी क्लिप तितकीच घट्ट बसते, खालून बघणाऱ्याला फरक दिसतही नाही. पण बोल्ट वजनाच्याच पदराला चेंगरतो आणि दोर नेमका तिथे दुबळा होतो. शिवाय पहिल्यांदा वजन आल्यावर दोर ताणला जाऊन किंचित बारीक होतो, म्हणून नट पुन्हा आवळावे लागतात. मांडव उभा राहिला आहे, बाकीचे चहाला गेले आहेत, आणि एकटा माणूस शिडीवर चढून पान्यानं तेच नट पुन्हा आवळतो आहे. खालून हाका चालू असतात, ‘‘अरे, झालं ना, उतर की आता!’’ असा माणूस न उतरता काम पुरं करतो तेव्हा मला त्याच्याविषयी फार आदर वाटतो.

कोनाचंही तसंच. १०० किलोंचा पाइप दोन उभ्या दोरांवर टांगला तर ५०-५० किलो वाटले जातात. तेच दोर फाकवून त्यांच्यातला कोन १२० अंशांचा केला, की प्रत्येक दोरावर पुरे १०० किलो येतात. वजन वाढलेलं नाही, दोरही तेच. सजावट पसरट बरी दिसते, म्हणून डेकोरेटरला तसेच दोर हवे असतात. ‘‘कडी आणखी वर न्या, दोर उभे येऊ द्या,’’ म्हणणाऱ्यावर देखाव्याचा विचका केल्याचा आळ येतो. येऊ दे.

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात लॉबीवर छताला सळ्यांनी टांगलेले पूल होते. मूळ आराखड्यात एकच लांब सळी छतापासून चौथ्या मजल्याच्या पुलातून खाली दुसऱ्या मजल्याच्या पुलापर्यंत येणार होती. एवढ्या लांब सळीला आटे पाडणं कटकटीचं, म्हणून तिच्या दोन सळ्या केल्या. वरच्या सळीनं वरचा पूल धरला, आणि खालचा पूल त्या वरच्या पुलालाच टांगला. कागदावर हा बदल क्षुल्लक दिसत होता. पण वरच्या पुलाखालच्या नटावर आता एकाऐवजी दोन पुलांचा भार आला. १७ जुलै १९८१च्या संध्याकाळी लॉबीत नाचाचा कार्यक्रम चालू असताना पूल कोसळले आणि ११४ माणसं मेली. मूळची रचनासुद्धा नियमानं मागितलेल्या ताकदीच्या सुमारे ६० टक्केच भरत होती, हे चौकशीत निघालं. ‘‘ह्या एका नटावर किती वजन येतं ते पुन्हा मोजा, त्याशिवाय मी पुढे जाऊ देणार नाही,’’ असं म्हणून अडून बसणारा एक हट्टी माणूस तिथे हवा होता.

आपल्याकडे हा हट्ट कायद्यातही फार पूर्वी लिहिला गेला आहे. १९४८च्या कारखाना कायद्यानं कलम २९मध्ये वजन उचलण्याच्या साखळ्या, दोर आणि साहित्यावर सुरक्षित वजनाचा आकडा स्पष्ट लिहायची, त्यापलीकडे वजन न घालण्याची आणि बारा महिन्यांत निदान एकदा जाणकाराकडून कसून तपासणी करून घेण्याची सक्ती केली. ती कारखान्यांसाठी. मांडवात आरतीला उभी असलेली बाई किंवा नाट्यगृहात तिसऱ्या रांगेत बसलेले आजोबा कारखान्यातल्या कामगारापेक्षा कमी मोलाचे नाहीत, आणि त्यांना तर वर बघायची सवयही नसते.

आता गणेश मंडळांच्या, नाट्यसंस्थांच्या आणि मंगल कार्यालयांच्या चालकांना माझी कळकळीची विनंती आहे. लाइटवाला क्लॅम्प असूनही प्रत्येक लाइटला पाइपभोवती दुसरी पोलादी तार घालत असेल, तर घालू द्या. गरम दिव्याजवळ नायलॉनची दोरी नको म्हणत असेल, तर ऐका. शिक्क्याचे शॅकल मागत असेल, तर ते आणून द्या आणि पैसे खजिनदाराकडून तिथल्या तिथे चुकते करा. आणि कार्यक्रमाला तासभर उरलेला असताना तो ‘‘हे मी टांगणार नाही’’ म्हणाला, तर दुसरा माणूस शोधू नका. ती वस्तू जमिनीवर ठेवा.