आकाशाचा सातबारा

आकाशाचा नकाशा रंगविणारे अज्ञात बंधू यांस,



आपली-माझी ओळख नाही, आणि आपले नाव, हुद्दा अथवा बसण्याचे टेबल यांपैकी काहीही मला ठाऊक नाही. तथापि एकाच धंद्यातल्या दोन माणसांना परिचयाच्या चिठ्ठीची जरूर पडू नये, अशा समजुतीने हे पत्र उघडे लिहिण्याचे धाडस करीत आहे. मी मोजणी खात्यात चौतीस वर्षे काढली. 33 फुटांची साखळी, तिचे 16 आणे, साखळीच्या चौरसाचा एक गुंठा आणि अशा 40 गुंठ्यांचा एक एकर, या हिशेबात माझे केस काळ्याचे पांढरे झाले. बांधावर उभे राहून भावाभावांची भांडणे ऐकणे आणि त्यांतून वाट काढीत हद्दीच्या खुणा दाखविणे, हाच माझा संसार. आता आपण तेच काम एक मजला वर चढून करीत आहात, हे समजल्यावर मला जो बंधुभाव वाटला, त्याच्याच पोटी हे पत्र जन्मास आले आहे; त्यात क्वचित तक्रारीचा सूर लागल्यास तो बंधुभावाचाच एक प्रकार समजावा.

प्रकरणाची हकीकत अशी. निवृत्त माणसाने काहीतरी छंद धरावा, असा आमच्या घरात ठराव झाला. हरिपाठ आणि बागकाम हे दोन्ही छंद आमच्या सौभाग्यवतींनी आधीच ताब्यात घेतलेले असल्यामुळे माझ्या वाट्याला आकाश उरले. भाचा परदेशातून एक सुबक ड्रोन आणणार होता; परंतु 9 फेब्रुवारी 2022 पासून परदेशी बनावटीचे ड्रोन आयात करण्यास बंदी झाल्याचे त्याच्या वेळीच ध्यानी आले, म्हणून त्याने इथेच तयार झालेले एक लहानसे यंत्र आणून माझ्या हाती ठेवले. 250 ग्रॅमपर्यंतच्या यंत्रास कायदा ‘नॅनो’ म्हणतो, आणि ते उडविणाऱ्यास वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही, हे वाचून मी ते यंत्र कोपऱ्यावरच्या वाण्याकडे नेऊन तोलून घेतले. काटा 240 वर थांबला. वाण्याने सवयीने ‘आणखी काही?’ असे विचारले. मला प्रमाणपत्र नको होते. मला फक्त जागा हवी होती, आणि ती त्याच्या दुकानात नव्हती.

कायद्याविषयी मी कृतघ्न नाही. 2014 च्या मे महिन्यात मुंबईतल्या एका उपाहारगृहाने ड्रोनच्या पाठीवरून पिझ्झा पाठविला आणि पोलीस चौकशीस निघाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तर नागरिकांनी ही यंत्रे उडवूच नयेत, असे फर्मान निघाले. पुढे 1 डिसेंबर 2018 पासून परवानगीचा काळ आला. तोही असा की, वरून होकार आल्याखेरीज यंत्राने जमीन सोडूच नये, अशी त्याच्या पोटातच व्यवस्था असावी. या पार्श्वभूमीवर 25 ऑगस्ट 2021 रोजी प्रसिद्ध झालेली नियमावली म्हणजे जमाबंदीच्या इतिहासातला एखादा सूट देणारा दुष्काळी हुकूमच वाटतो: 25 नमुन्यांचे 5 नमुने झाले, 72 प्रकारच्या फीचे 4 प्रकार झाले, आणि दंडाची मर्यादा एक लाखावर आणून ठेवली. सरकारी खात्यात आयुष्य घालविलेल्या माणसास नमुन्यांची संख्या घटल्याचे वाचून डोळ्यांत पाणी येते, हे आपणांस निराळे सांगावयास नको.

जाता जाता एक गोष्ट नमूद करतो. 1934 च्या विमानविषयक कायद्यात ‘विमान’ या शब्दाची जी व्याख्या होती, तिच्यात फुगे आणि ग्लायडर यांच्या पंक्तीला पतंगही बसविलेला होता. लहानपणी वाड्याच्या गच्चीवरून मी जे उडवीत होतो ते विमान होते, आणि त्याची काटाकाटी ही हवाई चकमक होती, हे मला सत्तरीच्या उंबरठ्यावर समजले. त्या काळी कोणी रंग विचारला असता, तर आम्ही पतंगाचा सांगितला असता, आकाशाचा नव्हे.

आता आपल्या नकाशाकडे वळतो. सप्टेंबर 2021 मध्ये तो लोकांसाठी खुला झाला आणि देशाचे आकाश हिरवे, पिवळे व लाल अशा तीन रंगांत वाटले गेले. हिरव्यात जमिनीपासून 400 फुटांपर्यंत कोणाला विचारावयाचे नाही. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रकांना विचारावयाचे. लालात खुद्द केंद्र सरकारला. चालू विमानतळाच्या कुंपणापासून 5 ते 8 किलोमीटरपर्यंतचा पट्टा जमिनीपासूनच पिवळा. 8 ते 12 किलोमीटरमधला 200 फुटांपर्यंत हिरवा आणि त्यावर पिवळा. पाचाच्या आत तर बोलणेच नको. पूर्वी हा पिवळा वेढा 45 किलोमीटरचा होता, तो 12 वर आला, हे आपले उपकार. एकाच गटाचा खालचा मजला एका रंगाचा आणि वरचा दुसऱ्या रंगाचा, ही कल्पना मला इतकी आवडली की, आमच्या काळी ती सुचली असती तर निम्मे वाटपाचे दावे कोर्टाबाहेर मिटले असते, असे वाटून गेले: थोरल्याला तळ, धाकट्याला गच्ची, आणि जिना सामाईक.

परंतु माझा मुक्काम पुण्यात आहे. लोहगावचे विमानतळ हे मुळात हवाई दलाचे. खडकीस दारूगोळ्याचा कारखाना, देहूरोडला लष्करी कोठारे, खडकवासल्यास प्रबोधिनी, कॅम्पात लष्कराच्या दक्षिण कमांडचे मुख्यालय. शिवाय येरवड्याचा तुरुंग आहे आणि गणेशखिंडीत राज्यपालांचे निवासस्थान आहे. हिंदुस्थानच्या संरक्षणाचा एवढा मोठा भार ज्या शहराने शिरावर घेतला, त्याच्या डोक्यावरचे आकाश मोकळे असावे अशी अपेक्षा करणे हेच मुळी असभ्यपणाचे. आमच्या खात्याच्या भाषेत सांगावयाचे तर पुण्याचे आकाश बहुतांशी पोटखराबा आहे: ते आहे, मोजलेले आहे, कागदावर चढलेले आहे, पण त्यात पीक काढता येत नाही.

इथवर माझी तक्रार नाही. शहराबाहेर जावे, हा उपाय आम्हां पुणेकरांस नवा नाही. मुळा-मुठेला पूर आला की आम्ही तेच करतो. माझी खरी अडचण रंगांची नसून रकान्याची आहे. सातबाऱ्यावर कब्जेदाराच्या नावाशेजारी ‘इतर हक्क’ नावाचा एक रकाना असतो. भोळा खरेदीदार केवळ नाव वाचून व्यवहार करतो. शहाणा आधी हा रकाना वाचतो, कारण सोसायटीचा बोजा, कुळाचा हक्क, सामाईक विहिरीतला हिस्सा, असे जे जे पुढे नडावयाचे ते सारे तिथे दाटीवाटीने बसलेले असते. आपल्या नकाशावर, बंधो, हा रकानाच नाही.

उदाहरणच देतो. लोहगडाच्या परिसरात जावे म्हणून मी बेत केला. रंगाची चौकशी केल्यावर पुरातत्त्व खाते आठवले: गड केंद्राच्या संरक्षणाखाली, 1958 च्या कायद्यास 2010 साली जोडलेल्या दुरुस्तीने त्याच्याभोवती 100 मीटरची प्रतिबंधित आणि त्यापुढे 200 मीटरची विनियमित हद्द आखलेली (ती बांधकामासाठी आहे, हे मला ठाऊक आहे, पण हद्द दिसली की माझी पावले आपोआप थबकतात), आणि वरून चित्रण करावयाचे तर त्या खात्याची निराळी परवानगी. 2025 च्या जुलैत हा गड आणखी अकरांच्या सोबतीने जागतिक वारशाच्या यादीत गेला, तेव्हा तर त्याच्याकडे वर मान करून पाहण्यासही अर्ज करावा की काय, असे मला वाटू लागले. मग भीमाशंकराचे नाव निघाले. तिथे अभयारण्य, तिथल्या रानाची छायाचित्रे घेण्याची परवानगी 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या हाती. शेकरूची शांतता भंगू नये हे मलाही मान्य आहे. माझे यंत्र भुंग्यासारखे गुणगुणते आणि शेकरूला ते भुंग्याच्या बापासारखे वाटेल.

यांवर पोलिसांचे मनाई आदेश. पूर्वी ते 144 कलमाखाली निघत, 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेच्या 163 कलमाखाली निघतात. त्यांत ड्रोन, पॅराग्लायडर आणि गरम हवेचे फुगे हे जिवलग मित्रांसारखे नेहमी एकत्र आढळतात. मुंबईत अशा आदेशांची मुदत बहुधा महिन्याची असते आणि ती संपते न संपते तोच पुढचा आदेश हजर होतो, जणू एकाच पंचांगाची पाने. याखेरीज तातडीच्या प्रसंगी राज्य सरकार किंवा पोलीस 96 तासांपर्यंत कोणतीही जागा तात्पुरती लाल करू शकतात; ही सूचना मात्र आपल्या नकाशावर उमटते, आणि म्हणूनच उड्डाणापूर्वी दर वेळी नकाशा पाहणे उडविणाऱ्यावर बंधनकारक आहे. म्हणजे रंगातला फेरफार आपण नोंदविता, आणि इतर हक्क मात्र ज्याचे त्याने गावभर हिंडून गोळा करावयाचे!

मी हिंडलो. एका पोलीस चौकीत (ती कोणती हे सांगणे प्रशस्त नव्हे) जाऊन विचारले, “अमुक टेकडीवर हे उडविले तर चालेल काय?” तिथले हवालदार भले गृहस्थ होते. त्यांनी मला बसावयास खुर्ची दिली, यंत्र हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले, आणि म्हणाले, “काका, नाही म्हणायचं असेल तर मी आत्ता सांगतो. हो म्हणायचं असेल तर साहेबांना विचारावं लागेल.” साहेबांनी दुसऱ्या कचेरीचे नाव सांगितले, त्या कचेरीने तिसऱ्या, आणि तिसरीने पहिल्या चौकीचे. या प्रदक्षिणेत मला एकही माणूस उद्धट भेटला नाही. किंबहुना एकानेही ‘नाही’ म्हटले नाही. परंतु ‘होय’ म्हणण्याचा अधिकार ज्याच्या दप्तरात आहे असा मनुष्य मात्र मला अद्याप भेटावयाचा आहे. नियमानेच म्हटले आहे की हिरव्यात कोणालाही विचारण्याची गरज नाही. पण ज्याला विचारावयाचे नाही त्यालाच विचारावयास गेलेला मनुष्य चमत्कारिक दिसतो, हे मी हवालदारांच्या डोळ्यांत स्पष्ट वाचले.

एक शंका तांत्रिक आहे, ती आपण एक जाणकार म्हणून सोडवावी. 400 फूट मोजावयाचे ते यंत्राच्या खालच्या जमिनीपासून. देशावर हे ठीक. परंतु सह्याद्रीच्या एखाद्या कड्यावर मी उभा आहे, यंत्र माझ्या नाकासमोर आहे, आणि ते चार हात पुढे सरकले की त्याच्याखालची जमीन एकाएकी हजार फूट खोल जाते. तेव्हा एक वीतही वर न चढता ते हिरव्यातून पिवळ्यात शिरते. आमच्या साखळीला चढउतार सोसत नसे, म्हणून डोंगरात आम्ही ती पायरीपायरीने आडवी धरीत असू. आपला रंगही तसा पायरीपायरीने उतरतो काय?

अखेरीस हिरवे आकाश सापडले. धाकटी बहीण सासवडच्या पलीकडे दिली आहे. तिच्या सीताफळीच्या बागेवर ना गड, ना अभयारण्य, ना छावणी. नकाशा पाहिला, मनाई आदेश नाही याची खातरजमा केली, मेहुण्यांची तोंडी संमती घेतली आणि यंत्र सोडले. ते झाडांच्या शेंड्यांवर जेमतेम पोहोचले असेल, इतक्यात दोन मोटरसायकली बांधापाशी थांबल्या. “कंच्या हाफिसातनं आलाय?” प्रश्न रास्त होता. वनपुरी, उदाचीवाडी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव या सात गावांच्या जमिनीवर नवे विमानतळ योजलेले आहे. 2025 साली तिथे ड्रोनने सर्वेक्षण होऊ लागले तेव्हा गावकऱ्यांनी कसून विरोध केला होता. आभाळात गुणगुण ऐकू आली की इथला शेतकरी वर पाहत नाही, आधी आपल्या जमिनीकडे पाहतो. “मोजणीवाले का?” असे दुसऱ्याने विचारले. मी आयुष्यभर खरे बोलण्याची खोड बाळगली असल्यामुळे “होतो, आता नाही” असे उत्तरलो, आणि त्या उत्तराने जे वातावरण निर्माण झाले ते निवळण्यास मेहुण्यांना दोन वेळा चहा सांगावा लागला.

चहाच्या दुसऱ्या फेरीत एक म्हातारबुवा माझ्याजवळ सरकून बसले आणि हळूच म्हणाले, “आलाच हाय तर आमच्या बांधाचं तेवढं वरनं बघून सांगा. भावानं दोन वीत खाल्लाय.” मी यंत्र पिशवीत घातले.

आता आपल्याकडे एवढीच विनंती. हे विमानतळ ज्या दिवशी चालू होईल, त्या दिवशी आपण कुंचला उचलून त्या सीताफळीवरचा हिरवा पुसणार, हे मी जाणतो. त्याला माझी हरकत नाही आणि ती चालणारही नाही. परंतु आमच्या खात्यात मोजणीपूर्वी अर्जदारासच नव्हे, तर लगतच्या कब्जेदारांसही नोटीस जात असे, आणि ती ज्यास पोहोचली नाही त्याने पुढे वाद उकरून काढल्यास त्याचे ऐकून घ्यावे लागे. मी पुरंदरच्या आकाशाचा, काही मिनिटांपुरता का होईना, वहिवाटदार ठरलो आहे. तेव्हा रंग बदलण्यापूर्वी मला लगतचा कब्जेदार समजून रीतसर नोटीस बजावावी. नोटिशीचा काही खर्च असल्यास तो मी मनिऑर्डरीने पाठवीन. फक्त कोणत्या पत्त्यावर, एवढे कळवावे.

लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त भूमापक, पुणे