खिडकीची बटणे कशी काढावीत? नवोदित डिझायनरांसाठी पाच पायऱ्या

विंडोज ९५ आल्यापासून लोक पडद्यावरच्या खिडकीच्या वरच्या उजव्या कोपऱ्याकडे न बघता क्लिक करतात. ही परिस्थिती गंभीर आहे. वापरणाऱ्याचा हात बसला, की डिझायनरचा हात रिकामा! यावर उपाय पुढीलप्रमाणे :

१. आधी बटणे हलवा. लिनक्सवर आधारलेल्या उबुंटूने २०१० साली १०.०४ आवृत्तीत लहान, मोठी आणि बंद करण्याची तिन्ही बटणे उजवीकडून डावीकडे नेली. लोकांना सवय झाल्यावर, म्हणजे २०१७ मध्ये, ती पुन्हा उजवीकडे आणली. सवय लागू न देणे हे आपले ब्रीद आहे.

२. बटणाआधी त्याचे काम काढा. एप्रिल २०११ मधल्या ग्नोम ३ या लिनक्सच्या डेस्कटॉपने उघड्या खिडक्या दाखवणारी खालची पट्टी काढली. आता लहान केलेली खिडकी जाणार कुठे? सबब, मिनिमाइझ निरुपयोगी. विहीर बुजवली, की रहाट कोण मागतो? मॅक्सिमाइझही काढा. शीर्षकपट्टीवर डबल क्लिक केले किंवा खिडकी वर ओढून नेली, की ती मोठी होतेच. हे पडद्यावर मात्र कुठे लिहू नका. लिहिले की पुन्हा बटणच झाले. बंद करण्याची फुली तेवढी राहू द्या. वापरणाऱ्याला पळून जायला वाट हवी.

३. धीर चेपला, की पुढे सरका. त्याच ग्नोम ३ च्या मेन्यूत संगणक झोपवण्याची सोय समोर होती. पूर्ण बंद करायचा तर ऑल्ट दाबून धरावे लागे.

४. टीकेने खचू नका. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स २०११ मध्ये ग्नोम ३ सोडून एक्सएफसीई या दुसऱ्या डेस्कटॉपकडे गेले. काहींनी जुन्या ग्नोम २ चा कोड घेऊन वेगळी चूल मांडली. गर्दी कमी झाली, की पडदा आणखी स्वच्छ दिसतो.

५. परत देताना हप्ते पाडा. विंडोज ८ ने २०१२ मध्ये स्टार्ट बटण काढले आणि मेन्यूच्या जागी पडदाभर फरशा मांडल्या. पुढल्या वर्षी ८.१ मध्ये बटण आले, पण दाबले की पुन्हा त्याच फरशा. जुन्या धर्तीचा मेन्यू मिळायला २०१५ चे विंडोज १० उजाडावे लागले. ग्नोमची रीत याहून शालीन : ट्वीक टूल (आता ट्वीक्स) नावाचा प्रोग्राम स्वतः शोधा, बसवा आणि त्यात आपली बटणे चालू करा. बटण चालू करायला एक क्लिक लागतो, ते कुठे आहे हे शोधायला अख्खी संध्याकाळ. ती संध्याकाळ वापरणाऱ्याच्या खात्यात टाका आणि तिला ‘निवडीचे स्वातंत्र्य’ म्हणा.