आगोटकाका

"फुगा काय म्हणतो, ठाऊक आहे का?"

जानेवारीत सकाळी आठला फोन वाजला आणि 'हॅलो'च्या जागी हे वाक्य आलं, की समजावं, आगोटकाका. आमच्या ओटावाच्या उत्तरेला, क्युबेकमध्ये, मानिवाकी नावाचं गाव आहे. तिथून हवामान खात्याचा फुगा रोज दोनदा आकाशात सोडतात. तो वर जाताजाता कुठल्या उंचीवर किती थंडी आहे ते खाली कळवत राहतो. आमच्यातल्या निम्म्या लोकांना मानिवाकी हे मासळीचं नाव वाटेल. काकांना मात्र जावयाच्या नोकरीपेक्षा त्या फुग्याची खबर जास्त असते.

"नाही बघितला, काका."

"दीड हजार मीटरवर अधिक तीन. माझ्या अंगणात उणे एक. वारा ईशान्येचा. कळलं?"

"म्हणजे?"

"गाडीचे वायपर उभे करून ठेव." फोन बंद.

काका मूळचे राजापूरकडचे. अंगाने सुपारीच्या झाडासारखे, सरळ आणि जरासे डुलणारे. हिवाळ्यात कानटोपी, तिच्यावर मफलर आणि मफलरवर चष्मा, त्यामुळे ओळख आवाजावरूनच पटवायची. मराठीत पावसाला शब्दांची ददात नाही. झड आहे, सर आहे, वळीव आहे, भुरभुर आहे. पण इथे जो पडताना पाणी असतो आणि टेकताक्षणी बर्फ होतो, त्या फ्रीझिंग रेनला आपल्याकडे शब्द नाही. असणार कुठून? काकांनी तो घडवला: काचपाऊस. त्याचं शास्त्र ते चहाच्या एका कपात समजावतात, आणि कप रिकामा झाला तरी समजावतच राहतात.

"वाडा तीन मजली धर. वरच्या मजल्यावर बर्फ, खोबऱ्याच्या किसासारखा भुरभुरीत. तो खाली निघाला. मधल्या मजल्यावर चूल पेटलेली, तिथे त्याचं पाणी झालं. तळमजल्यावर पुन्हा कडाक्याची थंडी. तळमजला उंच असला, तर थेंब वाटेतच गोठतो आणि साबुदाणा होऊन पडतो. साबुदाण्याची भीती नाही, झाडून टाकता येतो. पण तळमजला ठेंगणा असला, तर थेंबाला गोठायला सवड मिळत नाही. शून्याखाली जाऊनही पाणी ते पाणीच. मुहूर्तासाठी अडलेल्या नवरदेवासारखं! मग फांदी दिसो, तार दिसो, तुझं टक्कल दिसो, जे पहिलं भेटेल त्याच्याशी लग्न लावून मोकळं. आणि हे लग्न मोडत नाही, मेल्या."

ओटावाचं दुखणं असं, की गाव खोऱ्यात वसलेलं. दक्षिणेकडची, पार मेक्सिकोच्या आखाताकडची दमट ऊबदार हवा वरून येते. खोऱ्यात साचलेली थंड हवा मात्र भाडेकरूसारखी तळमजला सोडत नाही, आणि ईशान्येचा वारा तिला आणखी कुमक पाठवत राहतो. म्हणून कोकणातला माणूस पावसासाठी नैर्ऋत्येकडे बघतो, तर काका ईशान्येकडे. वर्षाकाठी बारा ते सतरा दिवस इथे असा पाऊस पडतो, पण बहुतेक वेळा तासा-दोन तासांचा. त्यात एखादा घसरतो, एखादी गाडी आडवी होते, मीठ मारलं की संपलं. काका वाट बघतात ती मोठ्याची.

आणि तिथेच त्यांची फजिती होते. मधल्या किंवा तळाच्या मजल्यावर एका अंशाचा फरक पडला, की काचेचं साधं पाणी होतं नाहीतर साबुदाणा होतो. एका संक्रांतीला काकांनी इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांना रात्री अकराला उठवून कार्यक्रम रद्द करवला. ऐंशी माणसांच्या गुळपोळ्या तयार होत्या. सकाळी अधिक दोन तापमानात असा साळसूद पाऊस पडला, की पुण्यात असल्यासारखं वाटावं. त्या आठवड्यात काकांना लोकांनी 'वेधशाळा' म्हटलं. पुणेरी माणसाकडून याहून मोठा अपमान होत नाही.

'आगोटकाका' हे नाव मात्र काकूंनी दिलेलं. कोकणात मिरगाच्या आधी घरोघर आगोट करतात. लाकडं भरायची, गोवऱ्या रचायच्या, पापड-कुरडया, सांडगे डब्यात घालायचे, पडवीला झापं बांधायची. एकदा पाऊस लागला की चार महिने बाजार विसरायचा. काका तीच आगोट नोव्हेंबरात करतात. वीस किलो मिठाची पोती तीन. "मीठ उणे दहाच्या आसपास हात टेकतं, पुढे वाळूच," म्हणून वाळूची पोती पाच. बुटांना बांधायचे खिळ्यांचे पट्टे. विजेऱ्या अकरा, त्यातली एक दुसरी शोधायला. मेतकूट, भाजके पोहे, राजगिऱ्याचे लाडू, म्हणजे चूल न पेटवता आठवडा निघावा. काचपावसाची वर्दी आली, की न्हाणीघरातल्या टबात काठोकाठ पाणी. काकू म्हणतात, "तीन दिवस आंघोळीला शेजाऱ्यांकडे जायचं, कारण आमच्याकडे पाणी भरून ठेवलंय."

आणि मग उपदेश. वीज जाणं याला इथे 'हायड्रो गेली' म्हणतात. धबधब्याच्या विजेवर वाढलेला प्रांत, शब्द तोच राहिला. "हायड्रो गेली की हीटर गॅसवरचा असूनही बंद, कारण त्याचा पंखा विजेवर. थंडी वाजते म्हणून शेगडी घरात पेटवायची नाही, जनरेटर गॅरेजमध्येसुद्धा लावायचा नाही. त्या धुरातल्या विषाला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. दूध नासेल म्हणून रडू नका, बाहेर अख्खा देश फ्रिज आहे." एवढं बोलताना काका हसत नाहीत. इथे आम्हीही हसत नाही.

हे वेड कुठून आलं, ते काकूंनीच एकदा सांगितलं. काका १९९७च्या नोव्हेंबरात नोकरीसाठी इथे आले. भाड्याचं घर, सहा वर्षांची मुलगी, उधारीचे कोट. ५ जानेवारी १९९८ला पाऊस सुरू झाला. सकाळी खिडकीतून बघितलं, तर झाडन् झाड झुंबरासारखं लखलखतंय. काकांनी फोटो काढले. दुपारपासून फांद्या मोडायला लागल्या, बंदुकीच्या बारासारखा आवाज करत. पाऊस १० तारखेपर्यंत थांबत-पडत राहिला. ऐंशी तासांहून जास्त काचपाऊस, एकट्या ओटावात पंच्याऐंशी मिलिमीटरच्या वर. राजापुरात एवढा पाऊस जुलैतल्या एका दुपारी पडतो आणि कुणी छत्रीही झटकत नाही. इथे तो वाहून गेलाच नाही. तारांवर, खांबांवर बसून राहिला. क्युबेकमध्ये विजेचे पोलादी मनोरे गुडघ्यात वाकून बसले, लाकडी खांब हजारांनी मोडले, लष्कर रस्त्यावर आलं.

काकांच्या घरात त्या दिवशी होतं काय? देव्हाऱ्यातलं निरांजन, अर्धा पाव आणि लोणचं. तिघं चार रात्री एका शाळेच्या व्यायामशाळेत पथारीवर झोपली. तिथल्या नाण्याच्या फोनवरून काकांनी घरी खुशाली कळवली. सगळी कथा ऐकून घेतल्यावर पलीकडून आईने एवढंच विचारलं, "आगोट केली नव्हतीस का रे?"

तेव्हापासून काका त्या प्रश्नाचं उत्तर देताहेत.

एकदा ते बरोबरही ठरले. गुळपोळीच्या अपमानानंतर दोन वर्षांनी, पुन्हा संक्रांतच. काका म्हणाले, रद्द करा. अध्यक्ष म्हणाले, या वेळी नाही. हळदीकुंकू रंगात आलं, वाण वाटून झालं आणि दार उघडलं, तर वाहनतळ म्हणजे आरसा. तीन माणसं पायरीवरच बसली, न ठरवता. काका तेवढ्यात गाडीतून वाळूची बादली घेऊन आले आणि पावलापुढे मूठ-मूठ टाकत एकेकाला त्याच्या गाडीपर्यंत पोचवू लागले, लग्नात अक्षता टाकाव्यात तसे. अशा वेळी थोर माणसं गप्प राहतात. काका राहिले नाहीत. प्रत्येक मुठीसरशी "सांगितलं होतं" म्हणत होते. मला माझ्या गाडीपर्यंत ते एकवीस वेळा ऐकावं लागलं.

नियतीने त्याचंही उट्टं काढलं. काकांचा हंगाम गुढीपाडव्याला संपायचा. गुढी उभारली की वाळू अंगणात ओतायची, खिळ्यांचे पट्टे आणि विजेऱ्या माळ्यावर. २०२३ साली पाडवा २२ मार्चला झाला, वाळू ओतली गेली. ५ एप्रिलला, हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी, काचपाऊस असा कोसळला, की क्युबेकमध्ये दहा लाखांवर ग्राहकांची वीज गेली आणि आमच्याकडेही गल्ल्या काळोखात बुडाल्या. काकांच्या अकरा विजेऱ्या माळ्यावर, आणि माळ्याची शिडी गॅरेजमध्ये, जिथलं दार विजेवर चालतं. मी मेणबत्ती घेऊन गेलो तर ते अंधारात बसले होते. "पंचांग तिकडचं रे," एवढंच म्हणाले. तेव्हापासून हंगाम अक्षय्य तृतीयेला संपतो.

आम्ही अजून हसतो. राजापुरात आगोट करणाऱ्याला कुणी हसत नाही, कारण तिथे पाऊस ठरल्या महिन्यात येतो. जे पंचवीस वर्षांतून एकदा येतं, त्याची तयारी करणारा उरलेली चोवीस वर्षं वेडाच ठरणार. काकांनी ते वेडेपण अंगाला लावून घेतलेलं नाही. ते त्यांनी फक्त सगळ्यांच्या दारात नेऊन ठेवलंय.

माझ्याही दारात एक निळी बादली आहे. भांड्यावर नाव घालावं तसं तिच्यावर रंगाने काकांचं नाव आणि खाली सूचना: 'वाळू वापरून बादली परत करणे.' मी ती परत केलेली नाही, आणि त्यांनी मागितलेलीही नाही. दर नोव्हेंबरात एका सकाळी ती काठोकाठ भरलेली असते.