पाळक, मंडळी आणि एक अंडे

पाळक म्हणजे मेंढपाळ. ख्रिस्ती मंडळीत हा शब्द मानाचा आहे. फरक इतकाच, की खऱ्या मेंढपाळाच्या प्रवचनाची मिनिटे मेंढ्या मोजत नाहीत आणि त्याची बदली व्हावी म्हणून अर्जही करीत नाहीत.

अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले. १८४२ मध्ये तिथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. पुढे १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, पाट्या नव्याने रंगवल्या गेल्या. नऊची उपासना सव्वानऊला सुरू होण्याची वहिवाट मात्र कुठल्याच ठरावाने मोडली नाही. नऊ वाजता हजर असतात ते पाळकसाहेब, पेटीवाला आणि पुढच्या बाकावरच्या आज्या. बाकीचे पहिल्या गीताच्या आडोशाने आत येतात, आणि येताना शेजाऱ्याला हळूच ‘सलाम’ करतात.

गीताचा आडोसा लांबलचक असतो, कारण चालीवर एकमत नसते. रेव्ह. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्ती भजनाला अभंग-ओवीचे वळण दिले. पेटी-तबल्यावर मराठीतून देवाला आळवता येते, हे मंडळीला त्यामुळे पटले. हा उपकार लहान नाही. पण छापील पुस्तकात शब्द सापडतात, चाल सापडत नाही. प्रत्येक आजीची चाल खरी असते, कारण ती तिच्या आजीने थेट कीर्तनात ऐकलेली असते. पेटीवाला एका चालीने निघतो, पुढचे बाक दुसऱ्या. तिसऱ्या कडव्यापाशी समेट होतो, तो बहुधा दमछाकीमुळे.

त्यानंतरचा धोका म्हणजे मंडळीतल्या वडिलांना ‘थोडक्यात प्रार्थना करा’ असे सांगणे. प्रार्थना देवाला उद्देशून असली तरी तिचे श्रोते बरेचदा बाकांवर बसलेले असतात. ‘प्रभू, आज किती लोक उशिरा आले ते तुला ठाऊकच आहे’ हे वाक्य सर्वज्ञ देवासाठी अनावश्यक आहे. मागच्या तीन रांगांसाठी नाही. डोळे मिटलेले असल्याने कोणाला उत्तर देता येत नाही. ‘आमेन’ मात्र त्याच रांगांतून सर्वांत मोठ्याने येते.

आठवडाभर घरभेटी असतात. घरोघर शास्त्रवाचन, प्रार्थना आणि चहा. यांतला चहा टाळता येत नाही. मधुमेही पाळकाने ‘बिनसाखरेचा’ म्हटले, तर ‘प्रार्थनेनंतर काही होत नाही, साहेब’ असा विश्वास त्यालाच शिकवला जातो. प्रवचनात तो हाच विश्वास मागत असल्यामुळे त्याला बोलता येत नाही.

मंडळीची श्रद्धा जवळून पाहायची तर हंगामाच्या सणाला जावे. वेदीपुढे ज्वारीची कणसे, डांगर, मेथीच्या जुड्या, नारळ आणि पाय बांधलेला एखादा कोंबडा. उपासनेनंतर या सगळ्याचा लिलाव होतो. खजिनदार मागच्या वर्षीचा हिशेब वाचत असताना कोंबडा आरवला, तर सगळ्यांना कोंबडा आरवण्याआधी प्रभूला नाकारणाऱ्या पेत्राची आठवण होते आणि कोणीच कोणाकडे बघत नाही.

खरी चुरस असते ती अंड्याची. दुसरे काही आणणे जमले नाही म्हणून एखादी म्हातारी पदराच्या टोकात एकच अंडे बांधून आणते आणि डांगराच्या मागे, दिसणार नाही असे ठेवते. लिलाव पुकारणारा नेमके तेच उचलतो. दहापासून बोली सुरू होते, शंभरावर तुटते. घेणारा पैसे मोजतो आणि अंडे ‘प्रभूला परत’ म्हणून पुन्हा टेबलावर ठेवतो. मग दीडशे, मग दोनशे. एरवी पंखे दुरुस्तीच्या वर्गणीला पाकीट घरी विसरणारे दोघे भाऊ इथे एकमेकांवर चढतात. बायबलमधल्या गरीब विधवेने दान केलेल्या दोन टोल्यांवर, म्हणजे दोन नाण्यांवर, पाळकाने तीस मिनिटांत जे सांगितलेले नसते, ते इथे दहा मिनिटांत घडते. म्हातारी मात्र खाली मान घालून पदर चाचपत बसलेली असते. अंडे फुटेल, एवढीच तिला काळजी.

हात बदलता बदलता ते शेवटी पाळकाच्याच घरी भेट म्हणून पोचते. खजिनदाराच्या वहीत नोंद होते: अंडे १, रुपये ४५०. पाळकीणबाई ते दोन दिवस फळीवर ठेवतात. इतके महाग अंडे फोडायला हात धजत नाही. तिसऱ्या दिवशी पाहुणे येतात, आणि त्याचे ऑम्लेट होते.