समुद्रसपाटीपासून मोजायचं!

हैदराबादच्या माणसाला डोंगराचं वेड लागावं, ही देवाची थट्टाच म्हणायची. इथं खडक भरपूर आहेत, गोलमटोल, एकावर एक रचून ठेवलेले. पण ज्याला शिखर म्हणावं असं काही नाही. तरीही काचीगुड्यापासून कुकटपल्लीपर्यंत मराठी माणसांची एक जात अशी आहे, की जिच्या बैठकीत गणपतीच्या तसबिरीशेजारी बर्फात उभ्या असलेल्या, नाकाचं सालपट निघालेल्या एका इसमाचा फोटो लावलेला असतो. खाली लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र. हा इसम म्हणजे घराचे मालक, हे कुणीतरी सांगावं लागतं. आम्ही त्यांना काका म्हणतो. तुमच्याकडे अण्णा किंवा भाऊ म्हणत असतील.

आमचे काका बरकतपुऱ्यात, आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. मूळचे नांदेडचे. हयात सगळी स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये गेली. ही बँक २०१७ साली स्टेट बँकेत विलीन झाली, पण काकांनी ते मनावर घेतलेलं नाही. पेन्शन अजून 'एसबीएच'मधूनच येते. दिल्लीच्या गाडीचं नाव २०१५ साली तेलंगणा एक्सप्रेस झालं, तरी काका हिमालयात जातात ते जुन्या नावाच्या 'एपी एक्सप्रेस'नंच. बदल त्यांना मान्य आहे तो फक्त उंचीतला.

उंचीचा विषय जरा नाजूक आहे. काकूंचे भाऊ पुण्यात असतात. दर रविवारी ते कुठला ना कुठला गड चढतात आणि सोमवारी फोन करतात.

"काय दाजी, काल तोरणा झाला. तुमच्याकडं काय चढता? फ्लायओव्हर?"

काका शांतपणे चष्मा पुसतात. "समुद्रसपाटीपासून मोजायचं असतं, राव. हैदराबाद १,७७८ फुटांवर आहे. आम्ही झोपेतसुद्धा तेवढ्या उंचीवर असतो." मेहुण्यांनी पुणंही जवळजवळ तेवढ्याच उंचीवर असल्याचं सांगितलं, की काका दुसरा बाण काढतात. "आमचा हा ग्रॅनाइट अडीचशे कोटी वर्षांचा. तुमचा सह्याद्री साडेसहा कोटींचा, हिमालय पाच कोटींचा. पोरंसोरं! मोठ्या माणसांबद्दल जपून बोलावं."

मेहुणे फोन ठेवतात. कळसूबाई १,६४६ मीटर, हा हुकमाचा पत्ता त्यांच्या हातातच राहतो.

काकांचा खरा मोसम एप्रिलमध्ये सुरू होतो. यूथ हॉस्टेलच्या सार पासच्या ट्रेकला नाव घातलेलं असतं. जायचं असतं मे महिन्यात. कसोलच्या तळावरून पुढं १३,८०० फुटांपर्यंत. म्हणजे सराव हवा. मग एके दिवशी पहाटे जिन्यात दाण दाण आवाज सुरू होतो. पाठीवर सॅक, सॅकमध्ये आशीर्वाद आट्याची दहा किलोची पिशवी, बाजूच्या कप्प्यांत पाण्याच्या बाटल्या आणि हातात काठ्या, अशा थाटात काका तळमजल्यापासून गच्चीपर्यंत चढउतार करत असतात. नव्या वॉचमननं पहिल्या दिवशी त्यांना फाटकात अडवलं होतं. "साब, घर छोड के नक्को जाओ. अम्मा को मैं समझातूं."

नवे बूटही 'मोडावे' लागतात. बाहेर ४२ अंश तापमान, आणि काका लोकरीच्या दोन जोड मोज्यांवर घोट्यापर्यंतचे बूट चढवून बडी चावडीवर भाजी आणायला जातात. भाजीवाल्या अम्मा आता विचारतसुद्धा नाहीत. बसायला स्टूल पुढे करतात. एका रिक्षावाल्याला मात्र राहवलं नाही. काकांनीच त्याला आधी छेडलं होतं: "मियाँ, हिमालय देखे क्या कभी?" तो म्हणाला, "कां का हिमालय साब, चारमिनार पे चढा तो च सर घूमरा मेरा." चारमिनारच्या १४९ पायऱ्या, काकांनी त्याला तिथल्या तिथं चढताना श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. मीटर चालूच होतं.

सामान भरणं हा आठवडाभराचा सोहळा. हॉलमध्ये चादर अंथरून त्यावर सगळं मांडलं जातं आणि प्रत्येक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली जाते. टूथब्रशचा दांडा अर्धा कापतात. आठ ग्रॅम वाचतात. टॉवेलचे दोन तुकडे करून एकच घेतात. टॉर्चचे सेल काढून ठेवतात, परत घालतात, पुन्हा काढतात. आणि मग काकू आतून शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, मेतकूट, दशम्या, दोन किलो चिवडा नि उस्मानिया बिस्किटांचे चार पुडे आणून चादरीवर ठेवतात. हे कधीही काट्यावर जात नाही. का, हे विचारायची हिंमत अजून कुणी केलेली नाही.

काकूंचं या सगळ्याबद्दल काय म्हणणं आहे, ते एका संवादात कळतं. काका सांगत होते, "सार पासला पाणी ८६ अंशांनाच उकळतं. डाळ शिजता शिजत नाही."

"हैदराबादेत शंभराला उकळतं ना? इथं कधी गॅस पेटवलात का?"

"शंभर नाही, अठ्ठ्याण्णव. आपणही उंचावर आहोत."

परत आल्यावर फोटो दाखवण्याचा कार्यक्रम होतो, आणि त्यातून इमारतीतला एकही माणूस सुटत नाही. पूर्वी अल्बम असायचा, आता टीव्हीला मोबाइल जोडतात. पडदा पांढरा. "हा ठिपका दिसतो का? तो मी." पुढचा फोटो, पडदा पुन्हा पांढरा. "इथं ढग होते. मागं देव टिब्बा आहे, ६,००१ मीटर." आम्ही ढगाकडे आदरानं बघतो. सार पासनंतर बर्फावरून बसून घसरत उतरायचं असतं. त्या घसरगुंडीत काकांची पँट बसायच्या जागी फाटली. ती पँट काकूंनी फडक्यासाठी मागितली, काकांनी दिली नाही. कपाटात घडी घालून ठेवलेली आहे आणि खास पाहुण्यांना दाखवली जाते. एव्हरेस्टचा विषय निघून कुणी ८,८४८ मीटर म्हणालं, की काका बोट वर करतात. "पूर्णांक शहाऐंशी. नेपाळनं आणि चीननं मिळून २०२० साली जाहीर केलंय." ते शहाऐंशी शतांश स्वतः चढून आल्यासारखे त्यांना जपायचे असतात.

मुलांच्या आयांना त्यांचा विशेष धाक आहे. निजामाबाद जिल्ह्यातल्या मालावत पूर्णानं २०१४ साली एव्हरेस्ट सर केलं तेव्हा तिचं वय होतं १३ वर्षं ११ महिने, आणि तिनं गिर्यारोहणाचे पहिले धडे गिरवले ते हैदराबादजवळच्या भोनगीरच्या खडकावर. ही गोष्ट सांगताना काकांचा आवाज खरोखर बदलतो. पण मग ते समोर सोफ्यावर आडव्या पडलेल्या मुलाकडे वळतात. "किती वर्षांचा झालास रे? पंधरा? हं. उशीर झाला."

एरवी रविवारी पहाटे मौलाअलीची टेकडी असते. पाचला शिट्टी. ज्यांना नाही म्हणता येत नाही, ते सगळे खाली जमतात. पायऱ्या पाचशेच्या आसपास. नेमक्या किती यावर दर वेळी वाद होतो, कारण प्रत्येकाचा आकडा वेगळा आणि काकांचा सगळ्यांत जास्त. वर दर्गा आहे, तिथं पादत्राणं काढावी लागतात. बाकीचे चपला सारून आत जातात. काका पायरीवर बसतात. आधी गाठ, मग गाठीवरची गाठ, मग वरच्या आकड्यांमधून उलटीपालटी ओवलेली नाडी, मग जीभ ओढून टाच सोडवायची. तोवर आमचं दर्शन आटोपून, समोरच्या टेकडीवरचं कदम-ए-रसूल बघून, खाली कुणाचं घर दिसतं यावर बोलून झालेलं असतं. काका आत जाऊन येतात आणि पुन्हा बांधायला बसतात.

चढताना त्यांचा एकच मंत्र: "आलंच, पाच मिनिटं." हा मंत्र पहिल्या पायरीवर सुरू होतो. त्यांचं आणखी एक वाक्य आहे, "चढण दम मागते, उतरण गुडघा," आणि ते नेमकं गुडघे दुखणाऱ्यांनाच ऐकवतात. या माणसाचा राग यायला हवा, आणि येतोही.

पण एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. काका कधीही पुढं चालत नाहीत. हिमालय करून आलेला माणूस, ऐटीत सगळ्यांच्या आधी वर पोचायला हवा. तो असतो सगळ्यांत मागं. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ मधुमेहाचे आहेत, वीस पायऱ्या चढले की त्यांचा चेहरा उतरतो, पण थांबू या म्हणायला जीभ रेटत नाही. बरोबर त्याच वेळी काकांना खडक दिसतो. "थांबा, हे बघा. हा ग्रॅनाइट. अडीचशे कोटी वर्षं!" मग आरामात, खडकावर हात फिरवत, व्याख्यान. त्या गृहस्थांचा श्वास जागी आला की व्याख्यान संपतं, मध्येच, वाक्य अर्धवट सोडून. पुढच्या वीस पायऱ्यांनी काकांची नाडी सुटते. बांधायला तेवढाच वेळ लागतो. ते गृहस्थ आता वरपर्यंत येतात आणि खाली आल्यावर सगळ्यांना सांगतात, "आमच्या काकांमुळं उशीर होतो हो. फार बोलतात, आणि बूट तर विचारूच नका." काका हे ऐकतात आणि चष्मा पुसतात.

यंदा पुण्याचे मेहुणे आले होते तेव्हा काकांनी त्यांना गोवळकोंड्याला नेलं. फतेह दरवाज्यात टाळी वाजवली की ती वर बालाहिसारात ऐकू येते, हे सगळ्या जगाला माहीत आहे. मेहुणे तरातरा वर गेले, तोरण्याची सवय. काका खालून टाळ्या वाजवत राहिले, मेहुणे वरून ओरडत राहिले, "ऐकू येतंय दाजी, आता या!" काका आले तब्बल पाऊण तासानं. वाटेत त्यांना एक आजी भेटल्या होत्या, नातवंडं पुढं पळालेली. आजींना ग्रॅनाइट पूर्ण समजावून झाला होता.

तुमच्या इमारतीत असे काका असतील आणि रविवारी पहाटे शिट्टी वाजली, तर जा. पाणी स्वतःचं घ्या, खाणं नेऊ नका; चिवडा असतो. 'पाच मिनिटं' म्हणाले की चाळीस धरा. आणि ग्रॅनाइटचं व्याख्यान तुमच्याकडे बघून सुरू झालं, तर वाद घालू नका. गुपचूप दोन घोट पाणी प्या.