अंडे आठ रुपयांना झाले असता: पोखर्णीकर कुटुंबांसाठी उपयुक्त सूचना

सदर सूचना पोखर्णी, जिल्हा परभणी येथील तिन्ही प्रकारच्या कुटुंबांसाठी आहेत: अंडी खाणारी, अंडी खाऊनही न खाणारी, आणि फक्त ‘पोरांसाठी’ आणणारी. गाव नृसिंहाचे. देवाच्या दर्शनाला इतक्या ठेंगण्या दारातून अंग चोरून जावे लागते की, वजन आटोक्यात ठेवा हा सल्ला इथे डॉक्टरच्या आधी देवच देतो. त्यामुळे डिसेंबर २०२५ मध्ये किरकोळ बाजारात अंडे आठ रुपयांपर्यंत गेले, तेव्हा पोखर्णीकरांनी घाबरायचे कारण नव्हते. फक्त पद्धत माहीत हवी.

आधी भाव विचारण्याची पद्धत. दुकानात गेल्या गेल्या अंड्याचे नाव काढू नये. साखर, चहापत्ती, काडीपेटी घेऊन झाल्यावर सहज आठवल्यासारखे विचारावे.

“काका, अंडं कसं देलं?”

“आठला.”

“परवा तर सातला देलतं की.”

“परवा थंडी कुठं होती, ताई?”

दुकानदार खरे बोलतो आहे. परभणीचा पारा चार-पाच अंशांवर उतरला की जिल्हाभर उकडलेल्या अंड्यांचे गाडे पेटतात, मागणी चढते आणि भावही. तरी हुज्जत घालावीच. मग तो बोट आभाळाकडे करून “वरूनच वाढून आलंय” म्हणेल. आभाळाकडे पाहू नये. भाव येतो खालून, नकाशात हैदराबाद आणि तमिळनाडूतले नमक्कल आहे तिकडून. १९८२ साली स्थापन झालेली नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी रोज शंभर अंड्यांचा दर जाहीर करते आणि तो पोखर्णीच्या किराणा दुकानापर्यंत रेल्वेआधी पोचतो. आपल्या राज्याला रोज सुमारे एक कोटी अंडी कमी पडतात, असे पशुसंवर्धन खात्यानेच जानेवारी २०२३ मध्ये सांगितले होते. तूट भरून काढायला अंडी बाहेरून येतात, म्हणजे वाहतूकही आपणच खातो.

खरेदीत मोठा बदल करावा लागेल. तीस अंड्यांचा ट्रे उचलणे आता श्रीमंतीचे लक्षण समजावे, सुटी चार घ्यावीत. तडकलेली अंडी असतील तर “बुर्जीच करायचीय” असे मोठ्याने म्हणून कमी भावात मागावीत. काळी पिशवी मात्र सोडू नये. पूर्वी ती शेजारच्या माळकरी आजोबांना दिसू नये म्हणून लागे, आता उसनी मागणाऱ्यांना दिसू नये म्हणून लागते.

त्यानंतर कॅलेंडर काढावे. कमिटीच्या जाहिरातींनी पिढ्यान्‌पिढ्या रोज अंडे खायला सांगितले, पण त्या लिहिणाऱ्यांनी मराठी घरातले वार मोजलेले दिसत नाहीत. सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. राहिले तीन. भाव सातच्या वर गेला की शुक्रवार संतोषीमातेला द्यावा आणि बुधवार पांडुरंगाचा असल्याची घरच्यांना आठवण करून द्यावी. रविवार खंडोबाचा, हे मात्र कुणी काढू नये.

स्वयंपाकात शिस्त पाळावी. उकडलेले अंडे सुरीने कापल्यास पिवळ्याचा चुरा पात्याला लागून वाया जातो, म्हणून शिवणाचा दोरा वापरावा. दोऱ्याने अर्धे होतात, पाव होतात, हात बसला की सहावा भागही निघतो. ऑम्लेटच्या मिश्रणात डाळीचे पीठ घालावे. एक चमचा घातल्यास ऑम्लेट फुगते, चार घातल्यास धिरडे होते, आणि त्याच्या पुढे गेल्यास टोमॅटो ऑम्लेट, ज्यात आपल्याकडे अंडे कधी नव्हतेच. अंडाकरीला येसर सढळ हाताने लावून रस्सा वाढवावा. अंडे कुणाच्या ताटात पडले ते कळू नये इतपत तर्री हवी.

वाटपाचा क्रम ठरलेला आहे, त्यात भावाने फरक पडत नाही. पहिले अंडे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्याला. तो पहाटे रस्त्यावर धावतो आणि त्याच्या छातीच्या सेंटिमीटरवर घराची भिस्त आहे. दुसरे घरधन्याला, तो काही न करताही थकतो म्हणून. मग धाकटा. मुलीला अर्धे. घरातल्या बाईने “मला अंडं उष्ण पडतं” असे म्हणावे आणि रस्सा घ्यावा. अंडे चार रुपयांना होते तेव्हाही तिला ते उष्णच पडत होते, याची नोंद कुणी ठेवलेली नाही, ठेवूही नये.

ज्यांना हे अवघड वाटते त्यांनी शासनाचा कित्ता गिरवावा. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू झाले. न खाणाऱ्याला केळी. शाळेला अंड्यामागे पाच रुपये. पाच रुपयांत अंडे कुठे मिळते, हे शोधणे गुरुजींच्या कामात आपोआप आले. जानेवारी २०२५ मध्ये निधीच थांबला. द्यायचे तर लोकसहभागातून द्या, असे ठरले. घरातही हेच करता येते. अंडे बंद केले असे म्हणू नये. ऐच्छिक केले आणि लोकसहभागाला खुले ठेवले, असे जाहीर करावे.

कोंबडी पाळावी असा सल्ला पुष्कळ जण देतील. पाळावी. गावरान कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, फार्मातली पांढरी लेगहॉर्न तीनशेच्या घरात. पण गावरान अंड्याला जवळपास दुप्पट भाव मिळतो, तेव्हा ते खाण्याचा वेडेपणा करू नये. विकून त्या पैशांत बॉयलरची दोन आणावीत. मांजर, मुंगूस आणि पाहुणे यांचा हिशोब वेगळा धरावा.

आता थोडे अर्थशास्त्र. फार्मातली कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य खाते. त्यात मोठा वाटा मक्याचा आणि त्याखालोखाल सोयापेंडेचा. मका अलीकडे इथेनॉलच्या कारखान्याकडे वळला, म्हणजे कोंबडीच्या ताटातला घास मोटारीच्या टाकीत गेला. सोयाबीन मात्र आपलेच. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘एमएयूएस’ नावाचे एकाहून एक वाण काढले, आपण ते पेरले. सप्टेंबर २०२५ च्या पावसाने पुष्कळांचे पाण्यात बसवले. जे हाती आले ते २०२५-२६ च्या हमीभावाने, म्हणजे क्विंटलला ५,३२८ रुपयांनी विकले असे क्षणभर समजू. (समजायला पैसे पडत नाहीत. आडतीत किती पडले ते ज्याचे त्याला ठाऊक.) एक किलो सोयाबीन देऊन सहा अंडी येतात आणि वर पाच रुपये अठ्ठावीस पैसे उरतात. आपलेच दाणे तेलाच्या गिरणीतून, पेंडेच्या पोत्यातून आणि कोंबडीच्या पोटातून फिरून दारात येतात, तेव्हा प्रवासखर्च आपणच भरायचा, ही जुनी रीत आहे. कापसाच्या बाबतीत ती आजोबांनी शिकवली होती.

परदेशाकडे पाहून समाधान मानायचे असल्यास मार्च २०२५ आठवावा. अमेरिकेत डझन अंडी सरासरी ६.२३ डॉलरला गेली होती. जगात जर्मनी, भारतात परभणी हे खरेच, पण अंड्याच्या बाबतीत अमेरिकाही आपल्या पंक्तीला बसली. तिकडे कारण बर्ड फ्लूचे होते. तिकडे त्याने भाव चढवला, इकडे मात्र भाव पाडण्याचा तोच एक हुकमी उपाय, आणि तो आपल्या जिल्ह्यानेही पाहिलेला आहे. जानेवारी २०२१ मध्ये मुरुंब्यात सुमारे आठशे कोंबड्या दगावल्या, आसपासच्या हजारो मारून पुराव्या लागल्या, आणि नीट शिजवलेले अंडे खायला हरकत नाही असे डॉक्टर सांगत असतानाही अंड्याकडे कुणी बघेना. स्वस्ताई अशीही येते. तिची वाट पाहू नये.

त्यापेक्षा श्रावणाची पाहावी. श्रावणात निम्मे गाव अंडे सोडते, म्हणून भाव उतरतो. उतरतो म्हणून घ्यावेसे वाटते, आणि घेतले तर खाता येत नाही. फ्रीजमध्ये अंडी महिनाभर सहज टिकतात, म्हणजे श्रावणातच ट्रे भरून ठेवून भाद्रपदात खाण्याची योजना कागदावर बिनचूक आहे. फक्त श्रावणात फ्रीजमध्ये अंडी ठेवायची परवानगी आधी सासूबाईंकडून घ्यावी. ती मागताना भाव सांगू नये, कारण त्यांना उतरलेल्या भावाचेही हसू येईल आणि ट्रेचेही.